गुडघ्याचे इंजेक्शन



गुडघा दुखू लागला, की कोणी सांगतो, "आपल्याच रक्ताचे इंजेक्शन घ्या." ते कसे असते? दंडातून रक्त काढतात. यंत्रात गरगर फिरवून त्यातले प्लेटलेट वेगळे करतात. ते गुडघ्यात टोचतात. प्लेटलेट जखम भरायला मदत करतात. तसाच गुडघाही भरेल, ही आशा.

ऑस्ट्रेलियात गुडघे झिजलेल्या २८८ जणांवर याची परीक्षा झाली. निम्म्यांना हे इंजेक्शन दिले, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय, ते सांगितले नाही. २०२१ साली निकाल आला. वर्षानंतर दोन्हीकडचे दुखणे जवळजवळ सारखेच कमी झाले होते!

तेव्हा यासाठी म्हैस विकू नका. डॉक्टरांना दाखवा. ते सांगतील तो व्यायाम रोज करा. मांडी बळकट झाली, की गुडघ्याला आधार मिळतो.