हिरवे पाणी

रायपूर हे तलावांचे शहर. बुढा तालाब, कंकाली तालाब, तेलीबांधा ही नावे तेथील मराठी कुटुंबांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली आहेत. तलावावरची हिरवी साय त्यांना नवी नाही. परंतु शहराच्या उत्तरेस, बिलासपूरच्या वाटेवरील भनपुरीसारख्या भागात एखाद्या गृहस्थाने हौसेने अंगणात पोहण्याचे टाके बांधले आणि वैशाखात चार दिवसांत त्याचे पाणी हिरवे झाले, की तो गोंधळतो. सगळे पाणी सोडून द्यावे आणि नवे भरावे, हाच विचार त्याच्या मनात प्रथम येतो.

तो विचार महागात पडणारा आहे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दीड मीटर खोल टाक्यात ४८ हजार लिटर पाणी मावते. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे भर उन्हाळ्यात साडेतीनशे माणसांचे एका दिवसाचे पाणी गटारात जाते. आणि कारण कायम राहिल्यामुळे नवे पाणीही लवकरच हिरवे होते.

ते कारण कोणते? शेवाळाचे सूक्ष्म बीज वाऱ्याबरोबर, धुळीबरोबर येतच असते. ऊन, ऊब आणि कुजलेल्या पाल्यातून मिळणारे खाद्य यांवर ते वाढते. त्याला आवरणारा क्लोरीन प्रखर उन्हात काही तासांतच बराचसा नाहीसा होतो. शिवाय पाण्याचा सामू, म्हणजे आम्लतेचे मान, साडेसातावरून आठापर्यंत चढले की क्लोरीनची मारक शक्ती निम्म्याने घटते. म्हणून सामू ७.२ ते ७.६ यांच्या दरम्यान राखणे ही पहिली पायरी.

त्यानंतर भिंती व तळ ब्रशाने खरवडावेत, कारण चिकटलेल्या थराच्या आत औषध पोचत नाही. मग सूर्यास्तानंतर लिटरला दहा मिलिग्रॅम या प्रमाणात क्लोरीन द्यावा. वरील टाक्यास ताज्या ब्लीचिंग पावडरीची सुमारे दीड किलो मात्रा पुरते. पावडर बादलीभर पाण्यात कालवावी, गाळ बसू द्यावा आणि वरची निवळ तेवढी ओतावी. तीत आम्ल कदापि मिसळू नये. विषारी वायू सुटतो. गाळणयंत्र अखंड चालू ठेवावे. मेलेले शेवाळ राखाडी होऊन तळाशी बसते. ते ओढून काढावे. पाणी निवळले नाही तर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा मात्रा द्यावी. क्लोरीन तीन मिलिग्रॅमपर्यंत उतरल्याखेरीज मुलांना पाण्यात सोडू नये.

मोरचुदाचा उपाय जुना आहे. परंतु तांबे पाण्यात साठत जाते, भिंतींवर डाग पाडते आणि माशांना घातक ठरते. म्हणूनच टाक्यातील औषधी पाणी जवळच्या तलावात सोडणे हा अपराधच मानला पाहिजे. तलावात शेवाळ हे जलचरांच्या अन्नसाखळीचा पाया आहे. तेथे ते माजते तेव्हा दोष बहुधा आत येणाऱ्या सांडपाण्याचा असतो.

अंगणातील टाक्याला मोठा उपचार क्वचितच लागावा. रोज संध्याकाळी पाला काढणे, क्लोरीन व सामू तपासणे आणि दिवसातून काही तास पाणी गाळणे एवढे नेमाने झाले, तर तेच पाणी हंगामभर पुरते. रायपूरसारख्या उन्हाच्या मुलखात टाके बाळगणाऱ्याने शेजाऱ्यांसाठी एवढे तरी केलेच पाहिजे.