लॅपटॉप नवा, केबल जुनी, गाडी दारात

आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा आहे. त्यामुळे घरात ज्याला कुणाला गाडीला लॅपटॉप लावायची हौस आहे, त्याला हाक मारा आणि शेजारी बसवा.

इथे ब्रिटनमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरशी, म्हणजे ईसीयूशी, खेळणारे आपल्यातही बरेच आहेत. कुणी जुन्या डिझेल गाडीचं रिमॅप करून घेतलेलं असतं, कुणी मेकॅनिकचे पैसे वाचवायला स्वतः फॉल्ट कोड वाचतो, तर कुणी ट्रॅक डेसाठी छोटी गाडी बांधतो. या सगळ्यांकडे स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात घालायची एक केबल असते आणि गॅरेजात पडलेला एक जुना लॅपटॉप असतो.

आता झालंय असं, की 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. जुना लॅपटॉप गेला, विंडोज 11 चा नवा आला. विंडोज 11 फक्त 64 बिटचं आहे, त्यामुळे पूर्वीचे 32 बिटचे ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. मग नवा ड्रायव्हर हवा, त्यासाठी ट्यूनिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी, आणि ती आवृत्ती उघडली की ती म्हणते, केबलचं फर्मवेअर जुनं आहे, आधी ते अपडेट करा. एका संध्याकाळी तीन गोष्टी बदलतात आणि काही बिघडलं तर नेमकं कशामुळे बिघडलं हे कळत नाही.

मी स्वतः एकदा हीच घाई केली होती. छंदाची गाडी, स्वतः जोडलेला ईसीयू. रविवारी संध्याकाळी त्याचं फर्मवेअर बदललं, जुनी फाइल परत चढवली आणि किल्ली फिरवली. फाइलमधली एकच सेटिंग, स्पार्कच्या सिग्नलची दिशा, नव्या फर्मवेअरमध्ये उलटी झाली होती. त्यामुळे इंजिन बंद असतानाही कॉइलमधून सतत करंट वाहत राहिला. वास आला तेव्हा कॉइल गेलेली होती. चूक माझीच, तपासायला हवं होतं. त्या दिवसापासून मी एक क्रम पाळतो, तोच आज सांगतो.

पहिलं काम जुन्या लॅपटॉपवरच करा. तो पुसू नका, कुणाला देऊन टाकू नका. सॉफ्टवेअरची आवृत्ती, केबलच्या फर्मवेअरचा क्रमांक आणि ईसीयूमधल्या सॉफ्टवेअरचा क्रमांक, हे तिन्ही कागदावर लिहा. गाडीत सध्या जी फाइल आहे ती वाचता येत असेल तर वाचून ठेवा. कंपनीची मूळ फाइल वेगळी ठेवा. दोन्हींच्या प्रती दोन-तीन ठिकाणी असू द्या. बऱ्याच ईसीयूंमधून ओबीडी सॉकेटवाटे पूर्ण फाइल वाचता येत नाही, फक्त लिहिता येते. तसं असेल तर ज्याने रिमॅप केलं त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या. परवाना लॅपटॉपशी बांधलेला आहे, केबलशी की गाडीच्या व्हीआयएन क्रमांकाशी, हेही आत्ताच बघा.

दुसरं, नवी आवृत्ती नव्या लॅपटॉपवर घाला आणि फाइलच्या प्रती त्यात उघडा, मूळ फाइल नाही. कारण नव्या आवृत्तीत एकदा सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही.

तिसरं, केबलचं फर्मवेअर. हे काम शक्यतो टेबलावर बसून करा, गाडीत नाही. केबल थेट लॅपटॉपला लावा, मध्ये यूएसबी हब नको. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, स्लीप बंद करा, विंडोजचे अपडेट थांबवा. आणि आधी अपडेटसोबतची माहिती वाचा, कारण पुष्कळ उपकरणांमध्ये फर्मवेअर पुढे नेता येतं, मागे आणता येत नाही. तुमची केबल स्वस्तातली नक्कल असेल तर तिला अपडेट देऊच नका. नकली केबल अपडेटनंतर कायमची बंद पडल्याची उदाहरणं ढिगाने आहेत.

चौथं, आणि हेच लोक विसरतात. सगळं नवं झालं की लगेच गाडीत काही लिहू नका. फक्त वाचा. नवं सॉफ्टवेअर गाडी ओळखतं का? फॉल्ट कोड तेच येतात का? रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दाखवतं का? बॅटरीचं व्होल्टेज मीटरशी जुळतं का? हे चार आकडे जुळले तर केबल आणि सॉफ्टवेअर एकमेकांची भाषा बोलतायत असं समजा.

ज्यांच्याकडे मेगास्क्वर्टसारखा स्वतः जोडायचा ईसीयू आणि ट्यूनरस्टुडिओ आहे, त्यांच्यासाठी जास्तीचं एक. इथे फर्मवेअर ईसीयूचंच बदलतं, त्यामुळे त्याला जुळणारी आयएनआय फाइलही बदलावी लागते. फर्मवेअर चढवण्याआधी ट्यून सेव्ह करा आणि कॉइल व इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा. नंतर जुनी ट्यून उघडल्यावर सॉफ्टवेअर फरकांची यादी दाखवतं. ती ओके म्हणून पुढे ढकलू नका, एकेक ओळ वाचा. स्पार्कची दिशा, ट्रिगरची सेटिंग, इंजेक्टरचे आकडे हे सगळं पाहून झाल्यावरच कनेक्टर लावा. गाडी सुरू झाली की टायमिंग लाइटने टायमिंग प्रत्यक्ष तपासा. स्क्रीनवर दहा अंश लिहिलंय म्हणजे इंजिनात दहा अंश आहे, असं होत नाही.

पाचवं, प्रत्यक्ष लिहिण्याची वेळ. ईसीयूची फ्लॅश मेमरी आधी पुसली जाते, मग भरली जाते. मध्येच वीज गेली तर आत अर्धवट मजकूर राहतो आणि गाडी सुरू होत नाही. इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना दिवे, पंखा, पंप सगळे बॅटरी खात असतात. इथल्या जानेवारीतल्या थंडीत तर बॅटरी आधीच दमलेली असते. म्हणून स्थिर व्होल्टेज देणारा चांगला सपोर्ट चार्जर लावा, दिवे आणि पंखा बंद ठेवा. आणि तरीही लिहिणं मध्येच अडकलं, तर घाबरून किल्ली बंद करू नका, केबल ओढू नका. स्क्रीनवरचा संदेश वाचा. बहुतेक ईसीयूंमध्ये बूटलोडर हा भाग वेगळा राहतो, त्यामुळे तिथूनच पुन्हा लिहिता येतं. ते जमलं नाही तर ईसीयू काढून टेबलावर दुरुस्त करावा लागतो, आणि ते काम जाणकाराचं.

आता एक फसवी जागा. गाडी सर्व्हिसला गेली की डीलरही कधी कधी ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलतो. 2015 मध्ये फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण बाहेर आलं. ब्रिटनमधल्या सुमारे 12 लाख गाड्यांचा प्रश्न होता आणि त्यांना नवं सॉफ्टवेअर द्यावं लागलं. 1.6 लिटरच्या इंजिनांना सोबत हवेच्या नळीत एक जाळीचा भागही बसवला गेला. अशा अपडेटनंतर तुमचं रिमॅप पुसलं जातं. इतकंच नाही, तुमच्याकडची जुनी फाइल आता वेगळ्या क्रमांकाच्या सॉफ्टवेअरसाठी बनलेली ठरते. ती तशीच परत चढवू नका. म्हणून तर सुरुवातीला क्रमांक लिहून ठेवायला सांगितला. आणि रिमॅप केलेलं असेल तर डीलरला आधीच सांगा.

शेवटी कायद्याचं बोलू. रिमॅप हा बदल आहे आणि विमा कंपनी बदलांबद्दल विचारते. 2012 च्या कायद्याप्रमाणे तिच्या प्रश्नांना काळजीपूर्वक, खरी उत्तरं देणं ही आपली जबाबदारी आहे. हप्ता थोडा वाढेल, पण अपघातानंतर क्लेम नाकारला गेला तर घर हलतं. दुसरं, डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर काढून सॉफ्टवेअरमधून बंद करून देणारे लोक भेटतील. नको म्हणा. फेब्रुवारी 2014 पासून असलेला फिल्टर गायब दिसला की एमओटी नापास होते. मे 2018 पासून फिल्टर असलेल्या गाडीतून एमओटीच्या वेळी धूर दिसला तरी नापास. आणि अशी गाडी रस्त्यावर चालवणं हाच मुळात गुन्हा आहे. तो धूर शेवटी आपल्याच मुलांच्या शाळेबाहेर सुटतो.

तेव्हा या शनिवारी नवा लॅपटॉप उघडाल तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक बदलानंतर थांबून बघा. सोमवारी सकाळी कामावर जायला लागणारी एकच गाडी असेल, तर रविवारी रात्री तिच्यात काही लिहू नका. आपल्या घाटातल्या पाट्यांवर लिहिलेलं असायचं, अति घाई संकटात नेई. ते चाकाइतकंच केबललाही लागू आहे.

गाडी जपून चालवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.