पटकथास्पर्धा आणि दूरचा लेखक

रायपूर ते मुंबई हे अंतर रेल्वेमार्गाने सुमारे अकराशे किलोमीटर भरते. प्रवाशाला ते एका दिवसात तोडता येते; परंतु पटकथा लिहू पाहणाऱ्या तरुणाला तेवढ्याच अंतरासाठी कधी कधी अर्धे आयुष्य खर्ची घालावे लागते. कथा किंवा कविता टपालाने संपादकाकडे जाते, आणि छापून आली की तिचे कार्य सिद्धीस जाते. पटकथेचे तसे नाही. चित्रपट निघाला तरच तिचे सार्थक होते. निर्माता मात्र अनोळखी माणसाचे बाड सहसा उघडत नाही. त्याला वेळ नसतो, आणि पुढेमागे कथाचोरीचा आळ येण्याचे भयही असते. अशा वेळी ओळखीपाळखीवाचून आत जाण्याची जी थोडी दारे आहेत, त्यांत पटकथास्पर्धा हे एक होय.

रायपुरात लेखनाची परंपरा नाही असे कोणी म्हणणार नाही. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे स्थायिक झाली. मराठी घराण्यातील माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. रायपूर हीच त्यांची पुढे कर्मभूमी झाली. नाटककार हबीब तन्वीर यांचा जन्म 1923 साली याच शहरात झाला. मनु नायक यांचा ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगढी चित्रपट 1965 साली पडद्यावर आला. येथील मराठी मुलाच्या कानावर घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी पडते. संवादलेखकाला याहून मोठे भांडवल कोणते? उणीव प्रतिभेची नाही. ती आहे वाचणाऱ्याची.

स्पर्धेने हा वाचणारा कसा मिळतो, याचे एक ताजे उदाहरण आहे. 2018 साली ‘सिनेस्तान’च्या पटकथास्पर्धेत बिप्लब गोस्वामी यांच्या ‘टू ब्राइड्स’ या संहितेला उपविजेतेपद मिळाले. परीक्षकांत आमिर खान, राजकुमार हिराणी, जुही चतुर्वेदी आणि अंजुम रजबअली होते. आमिर खान यांना ती कथा भावली. किरण राव यांनी तिच्यावर ‘लापता लेडीज’ हा चित्रपट केला. तो 2024 साली सर्वत्र प्रदर्शित झाला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून निवडला गेला.

या हकीकतीतील तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, पडद्यावर आलेली ही संहिता पहिल्या क्रमांकाची नव्हती. दुसरी, स्पर्धा आणि प्रदर्शन यांत सुमारे सहा वर्षे गेली, आणि अखेरची पटकथा स्नेहा देसाई यांनी लिहिली. आपल्या लेखनावर दुसऱ्याचा हात फिरणे हा या व्यवसायाचा धर्मच आहे. तिसरी गोष्ट सर्वांत व्यवहारी. गोस्वामी यांनी आपल्या कथेचा सारांश 2014 सालीच पटकथालेखकांच्या मुंबईतील संघटनेकडे नोंदवला होता. पुढे 2025 साली मौलिकतेचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा त्यांना ही नोंद पुढे ठेवता आली.

नोंदणीचे महत्त्व कायद्यातूनही दिसते. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली निर्णय दिला, की केवळ कल्पनेवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो; तो कल्पनेला दिलेल्या रूपावर असतो. म्हणून नवशिक्याने गप्पांत कल्पना सांगत फिरण्यापेक्षा ती पानोपानी लिहून काढावी, हे बरे. सामान्यतः एक पान म्हणजे पडद्यावरील एक मिनिट, असा हिशेब धरतात. त्यानुसार दोन तासांच्या चित्रपटासाठी सुमारे एकशेवीस पाने सिद्ध करावी लागतात. स्पर्धेची अंतिम तारीख हे काम पुरे करून घेते, हा तिचा न मोजला जाणारा लाभ आहे.

मात्र प्रत्येक स्पर्धेचे दार खरोखर घरात उघडतेच असे नाही. परीक्षक कोण, प्रवेशशुल्क किती, आणि पूर्वीच्या विजेत्यांचे पुढे काय झाले, हे आधी पाहावे. प्रवेशिका पाठवताच संहितेचे हक्क संयोजकांकडे जातील, असे एखादे कलम बारीक अक्षरांत दडलेले असते. 2012 साली सुधारलेल्या स्वामित्वहक्काच्या कायद्याने पटकथालेखकाला चित्रपटगृहाबाहेरील वापराबद्दल मानधनाचा हक्क दिला आहे; तो न वाचता सही केलेल्या कागदापायी वादात घालू नये.

आणि उपजीविका? अमेरिकेतील निकोल शिष्यवृत्तीची स्पर्धा 1986 साली सुरू झाली. सुझाना ग्रांट ही 1992 ची विजेती. तिने लिहिलेला ‘एरिन ब्रॉकोविच’ आला 2000 साली. मधली वर्षे ती मालिकांसाठी आणि इतर चित्रपटांसाठी लिहीतच होती. पारितोषिकाने दार उघडले. पोट चालवले ते रोजच्या लेखनाने.

तेव्हा रायपूरच्या लेखकाने नोकरीचा राजीनामा खिशात घालून निकालाची वाट पाहू नये. केंद्र सरकारच्या सेवकालासुद्धा आचरणविषयक नियम प्रसंगोपात्त साहित्यिक कार्याची मुभा देतात. अट इतकीच, की कर्तव्यात कसूर होता कामा नये. सकाळचा एक तास, एक पान, आणि वर्षाकाठी एक पुरी संहिता, हा क्रम संसार सांभाळून पाळता येतो. यादीत नाव नसले तर तीच संहिता पुन्हा वाचावी, सुधारावी आणि दुसरीकडे पाठवावी. तोवर पुढील संहितेचे पहिले पान लिहून झालेले असावे. अकराशे किलोमीटरचा हा प्रवास असा पानापानानेच उरकावा लागतो.