प्रवासातील हॉटस्पॉट
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी काही विदुषी नव्हे. म्हणून माझी फजितीच सांगते.

गेल्या उन्हाळ्यात भाचीला घेऊन मी दादरहून सावंतवाडीस निघाले. तिच्या कॉलेजप्रवेशाचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस. अर्ज लॅपटॉपवर आणि इंटरनेट माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून! वरच्या बर्थवरून तिने पासवर्ड विचारला. मी भरल्या डब्यात मोठ्याने सांगितले, “एक ते आठ आकडे, ओळीने!”

पनवेल मागे पडले आणि थोड्याच वेळात दिवसाचा दीड जीबी डेटा संपला. पाहते तो माझ्या फोनला चार यंत्रे जोडलेली! पोरीचे डोळे भरून आले. पुढे तर बोगदे. तेथे संपर्कच तुटतो. तेवढ्यात समोरच्या बाकावरील बाईंनी लॅपटॉप मागून घेतला, आपला पासवर्ड स्वतःच्या हाताने घातला आणि चिपळूण येण्यापूर्वी अर्ज गेला. लगेच त्यांनी हॉटस्पॉट बंद केला. हसून म्हणाल्या, “घरी गेल्यावर पासवर्डही बदलीन. राग मानू नका हं!”

राग कसला? मी त्यांच्याकडून धडाच घेतला. तो असा :

हॉटस्पॉटला आपले नाव-आडनाव देऊ नये. पासवर्ड निदान बारा अक्षरांचा असावा. जन्मतारीख किंवा फोन नंबर नको. सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए ३’ निवडावा. जुने यंत्र त्याला जुळत नसेल तर ‘डब्ल्यूपीए २’. ‘ओपन’ मात्र कधीही नको. किती यंत्रे जोडली आहेत ते मधूनमधून पाहावे. अनोळखी दिसल्यास पासवर्ड तत्काळ बदलावा. काम संपताच हॉटस्पॉट बंद करावा. कोणी जोडलेले नसेल तर तो आपोआप बंद होण्याची सोयही बहुतेक फोनांत असते.

डेटा गेला तर उद्या पुन्हा मिळेल. पण आपल्या जोडणीवरून कोणी गैरकृत्य केले, तर त्याचा माग प्रथम आपल्याच सिमकार्डापर्यंत येतो, हे विसरू नये.

दाराशी आलेल्या तहानलेल्याला आपण पाणी देतोच. पण म्हणून भरला हंडा रस्त्यावर ठेवून कोणी झोपत नाही. त्या बाईंनी मला पाणीही दिले आणि हंडा झाकायलाही शिकवले.