गोष्टींतून भाषा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या मुलांस घरची बोली कानाला ओळखीची वाटते, परंतु जिभेवर येत नाहीं. मरणोन्मुख वृद्धांच्या खाटेजवळ आम्ही बसलों असतां, उशाशीं उभ्या असलेल्या नातवंडांस आजीचे अखेरचे शब्द उमगले नाहींत, असें आम्हीं एकाहून अधिक वेळां पाहिलें आहे. यावर व्याकरणाचें पुस्तक आणावें, अशी सूचना कांहीं पालकांनीं केली. आमचें मत निराळें आहे. मुलांस गोष्टी सांगाव्या.

फादर थॉमस स्टीफन्स हे जातीचे इंग्रज. १५७९ सालीं ते गोव्यास आले व येथील भाषा परक्यासारख्या आरंभापासून शिकले. कोंकणीचें व्याकरण त्यांनीं रचिलें. तें त्यांच्या मागें, १६४० सालीं, राचोल येथें छापलें गेलें. परंतु नवख्रिस्ती लोकांस त्यांनीं दिलें तें १६१६ सालचें ‘ख्रिस्तपुराण’: सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांची एक लांबलचक गोष्टच! तें देवळांत वाचलें जाई, आणि ज्यांस अक्षरओळख नव्हती तेही तें ऐकत.

गोष्टीनें भाषा कशी येते? उधळ्या पुत्राचा दाखला घ्या. बापापुढें काय बोलावें हें तो मुलगा डुकरांजवळ बसून मनाशीं जुळवितो. घरीं आल्यावर तेंच बोलूं लागतो, पण मजूर म्हणून ठेवा, हें म्हणण्याआधींच बाप चाकरांस हांक मारतो. तें बोलणें दुसऱ्यांदां आलें कीं ऐकणारें मूल आपल्याआधींच तें म्हणूं पाहतें. तेथें आपण थांबावें व त्यालाच म्हणूं द्यावें. ‘जाईन’, ‘म्हणेन’ हीं रूपें त्याच्या जिभेवर बसतात. भविष्यकाळ हें नांव त्यानें ऐकलेलें नसलें तरी बिघडत नाहीं. मूल चुकलें तर मध्यें अडवूं नये. पुढच्या वाक्यांत तोच शब्द आपण नीट उच्चारावा. गोष्टही रोज नवी नको. तीच चार रात्रीं सांगा. कंटाळा येईल तो आपणांस, मुलांस नव्हे.

आपल्या या वसई प्रांतांत कोणी विचारील, शुद्ध मराठी कोठून आणावी? घरीं सामवेदी असेल तर सामवेदींत सांगा, वाडवळी असेल तर वाडवळींत. पुस्तकी मराठी शिकवावयास शाळा आहे. आजीची बोली शिकवावयास आजीवांचून कोणी नाहीं.

येत्या रविवारपासून धर्मशिक्षणाच्या वर्गांत पहिलीं वीस मिनिटें गोष्टीचीं राहतील. ज्या आजीबाईंस सांगतां येतें त्यांनीं मिसेनंतर आम्हांस भेटावें. त्या लाजत असतील, तर नातवंडांनीं हात धरून आणावें.