घरचा संगणक आणि त्याचे मुकादम



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, राजकारण, झालेच तर एखादी परदेशवारी असे विषय ऐकावयाची आपल्याला सवय असते. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यास ही प्रथा पडली, तेव्हापासून या व्यासपीठावर पुष्कळ मोठी माणसे बोलून गेली. घरच्या संगणकात ड्रायव्हर आपल्या हाताने कसा घालावा, हा विषय त्या पंक्तीला शोभेल की नाही, याची चालकांना थोडी शंका होती. मला नव्हती. मी शाळा नववीत सोडलेला मनुष्य. संगणक शिकलो तो युनियनच्या कागदांपायी, आणि शिकताना मला जे दिसले तेच आज सांगणार आहे.

ड्रायव्हर म्हटले की आपल्यापुढे कसाऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर उभा राहतो. पण हा तो नव्हे. याला मी मुकादम म्हणतो. आपल्या मोखाडा-जव्हारकडची माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. भट्टीच्या मालकाला त्यांची बोली कळत नाही, कोण विटा पाडील आणि कोण माती कालवील हेही ठाऊक नसते. ते मुकादमाला ठाऊक असते. संगणकात मालक म्हणजे विंडोज. आणि प्रिंटर, स्कॅनर, वायफाय, आवाजाची चिप ही कामकरी मंडळी. विंडोज नुसते म्हणते, ‘हे पान छाप’. शाई कोठे किती सोडावयाची, कागद किती सरकवावयाचा, ही त्या विशिष्ट यंत्राची बोली जाणणारी लहानशी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर.

मुकादम आला नाही तर माणसे धडधाकट असूनही भट्टी थंड पडते. आणि लोक काय म्हणतात? माणसेच कामाची नाहीत! संगणकाच्या बाबतीत नेमका हाच अन्याय होतो. मुंबईतल्या कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक हल्ली आपल्याकडे येतात. कोणी त्यावर विंडोज नव्याने घालून देतो. घरी आणून पाहावे तो आवाज नाही, अक्षरे भलतीच मोठी, वायफायचा पत्ता नाही. दुरुस्तीवाला सांगतो, ‘बोर्ड गेला’. पुष्कळदा बोर्डाला काहीही झालेले नसते, मुकादम नेमावयाचा राहिलेला असतो.

याहून गंभीर गोष्ट अंगठ्याच्या यंत्राची. खेड्यांतून कित्येक मुले घरच्याच संगणकावर आधारची कामे करून देतात. त्या यंत्राला ड्रायव्हर लागतो, आणि त्याशिवाय आरडी सर्व्हिस नावाची आणखी एक आज्ञावली लागते. दोहोंपैकी एक बिघडली तरी ठसा जात नाही. अशा वेळी समोर बसलेल्या बाईला सांगण्यात येते, ‘मावशी, तुमची बोटं झिजलीत, परत या’. माती-विटांनी बोटे झिजतात हे खरेच आहे. मी तसे हात रोज पाहतो. पण दहा कोस चालून आलेल्या मावशींना परत पाठविण्यापूर्वी त्या मुलाने स्वतःचा अंगठा लावून पाहावा. त्याचाही उठला नाही, तर झीज मावशींच्या बोटांची नव्हे. ही परीक्षा करावयास अर्धे मिनिट लागते, आणि मावशींचा एक दिवसाचा रोज वाचतो.

आता करावयाचे काय ते सांगतो. पडद्याच्या स्टार्ट बटणावर माउसची उजवी कळ दाबा. जी यादी उघडते तीत ‘डिव्हाइस मॅनेजर’ असते. हे आपले हजेरीपट. ज्याच्या नावावर पिवळा त्रिकोण, त्याचा मुकादम गैरहजर किंवा कुचकामी. पुष्कळदा तेथे ‘अननोन डिव्हाइस’ एवढेच लिहिलेले असते. घाबरू नका. त्यावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’, आणि तेथल्या यादीत ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. अक्षरांची व आकड्यांची एक लांबट ओळ दिसेल. तीत ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे कारखान्याचा क्रमांक असतो आणि ‘डीईव्ही’ पुढे त्या वस्तूचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. १९७८ साली त्या कंपनीने काढलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावही तेच होते. एएमडीच्या ग्राफिक्सचा १००२, रिअलटेकचा १०ईसी. यूएसबीने जोडलेल्या वस्तूला ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ असतात. ही ओळ वहीत उतरवून घ्या. निनावी माणसाचे नाव-गाव एकदा कळले की पुढचे काम सोपे असते.

ड्रायव्हर आणावयाचा तो प्रथम संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, मॉडेलचा क्रमांक घालून. तेथे नसेल तर त्या भागाच्या कारखानदाराकडून. विंडोज अपडेटमध्येही ‘ऑप्शनल अपडेट्स’ या सदरात कित्येक ड्रायव्हर पडून असतात, तेथे कोणी पाहत नाही. संगणकाला इंटरनेटच नाही, मग ड्रायव्हर आणावयाचा कसा? अँड्रॉइड मोबाइल तारेने जोडून त्याचे ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करा. बहुतेक वेळा विंडोजला हा पाहुणा ओळखता येतो. खोडाळ्यास रेंज रुसली असेल तर दुसऱ्या ठिकाणी उतरवून पेनड्राइव्हवर आणावा.

आणलेली वस्तू कधी स्वतःच बसणारी असते. दोनदा कळ दाबली की काम झाले. कधी मात्र नुसती एक घडी केलेली फोल्डर हाती येते. ती उलगडा, तिच्यात ‘आयएनएफ’ या शेपटाची फाइल आहे ना पाहा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’ म्हणून ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’ निवडा आणि ती फोल्डर दाखवा. आधी ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवा. नवा मुकादम बिघाड करू लागला तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ या बटणाने जुना परत बोलाविता येतो.

‘तुमचे सतरा ड्रायव्हर जुने झाले आहेत, येथे दाबा’ असे ओरडणाऱ्या जाहिरातींना बळी पडू नका. हे दलाल. ड्रायव्हर फुकट मिळतो. त्याचे पैसे मागणारा मध्येच कोण आला, हे विचारावयास नको काय?

नवा निघाला म्हणून लगेच घालावा काय, हाही प्रश्न येतो. माझे मत साधे आहे. चालत्या कामात हात घालू नये. मात्र सुरक्षिततेसाठी कंपनीने सुधारणा काढली असेल तर घालावी. कारण हा मुकादम अंगणात उभा नसतो, कित्येकदा तो माजघरात, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात बसतो. तो कोसळला की घर कोसळते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरला वाचावयास एक सदोष फाइल पाठविली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्या देशात विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. आणि उपाय काय? असंख्य यंत्रांपाशी माणसाने स्वतः जावे, ते ‘सेफ मोड’मध्ये उघडावे आणि ती फाइल काढून टाकावी. एवढ्या मोठ्या कारभाराला शेवटी माणसाचा हातच लागला, याचे मला, कामगार चळवळीतल्या माणसाला, मनातून थोडे बरे वाटले.

परंतु काही वेळा हात असूनही चालत नाही, कारण ड्रायव्हर कोणी लिहिलेलाच नसतो. आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी जुना स्कॅनर आहे. बांधकाम कामगाराला नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ते दाखले त्यावर उतरविले जात. संगणक बदलला, चौसष्ट बिटांचा आला, आणि त्या स्कॅनरचा ड्रायव्हर बत्तीस बिटांचाच. असा ड्रायव्हर नव्यावर चालतच नाही, आणि कंपनीने दुसरा काढला नाही. स्कॅनरचा दिवा लागतो, काच स्वच्छ, मोटर फिरते. तरी भंगार! विंडोज १० ची सर्वसाधारण साथही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठराविक नवे प्रोसेसर हवेत. तेव्हा असे धडधाकट यंत्र पुढे आणखी निघणार.

हे दुखणे जुने आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना नव्या प्रिंटरच्या आज्ञावलीत सुधारणा करावयाची होती, कागद अडकला की सर्वांना कळावे एवढ्यासाठी. मूळ लिखाण त्यांना नाकारण्यात आले. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त प्रणालीची चळवळ जाहीर केली, तीमागे ही सलही होती. १९९१ मध्ये लिनक्स आले. त्यात बहुतेक ड्रायव्हर गाभ्याबरोबरच येतात, आणि कंपनीने टाकून दिलेल्या वस्तूंचेही कोणीतरी सांभाळत असतो. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही याच कुळातली. सगळेच तिच्यात चालते असे मी म्हणणार नाही. काही वायफाय चिपा तेथेही छळतात. पण तो स्कॅनर आम्ही एका जुन्या संगणकावर लिनक्स घालून जोडला, आणि कोणताही ड्रायव्हर न शोधता त्याने पहिले पान उतरविले. दाखले पुन्हा त्यावरच होतात.

एवढेच सांगावयाचे होते. आता ज्यांना प्रश्न विचारावयाचे असतील त्यांनी यंत्राचा मॉडेल क्रमांक किंवा ती लांबट ओळ सांगून विचारावे. ‘आमचे चालत नाही’ एवढ्यावरून मला काही सांगता यावयाचे नाही.