पिल्ले का मेली?



हिवरे बाजारच्या मंडळींना हिशेबाचे महत्त्व आम्ही सांगावे असे नाही. 1989 पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने या गावाने दुष्काळाला तोंड दिले, ते आधी मोजून आणि मग ठरवून. पाऊस किती पडला ते पाहून पिके ठरली. शेतीसाठी बोअर घेणे गावाने बंद केले. मांसल कोंबड्यांच्या शेडमध्येही हीच शिस्त हवी, एवढेच आम्हांला आज सांगावयाचे आहे. कारण पिल्ले मरू लागली की आपण मोजत नाही. औषधाच्या दुकानाकडे धावतो.

एक दिवसाच्या पिलाला अंगची ऊब राखता येत नाही. पोटात उरलेला बलक त्याला दोन-तीन दिवस पुरतो. पहिल्या आठवड्यात शेकडा एखादे पिल्लू गेले तर त्याची फारशी चिंता करीत नाहीत. त्याहून अधिक जाऊ लागली, तर कारण शोधलेच पाहिजे. करारावर पक्षी वाढविणाराची मजुरी अखेर जगलेल्या पक्ष्यांच्या वजनावर ठरते. स्वतः कर्ज काढून पिल्ले आणणाराचे तर मुद्दलच बुडते.

म्हणून पहिला प्रश्न असा, की पिल्ले कोणत्या दिवशी मेली? पहिल्या दोन-तीन दिवसांत गेली, बेंबी ओली वा काळपट आहे, पोट फुगून आतील बलकाला दुर्गंधी येते, तर दोष बहुधा उबवणगृहातून आलेला असतो. पाय सुकलेले, अंग हलके असेल, तर प्रवासात पाण्यावाचून हाल झाले असे समजावे. चौथ्या ते सहाव्या दिवशी मरतुक वाढली आणि अन्नपिशवी रिकामी निघाली, तर त्या पिलांनी कधी चोचच भरली नव्हती. बलक संपला तशी ती संपली. पिल्ले तोंड उघडून धापा टाकीत असतील आणि मेलेल्यांच्या फुफ्फुसांवर पिवळट गाठी दिसत असतील, तर भाताचे तूस हुंगून पाहावे. बुरशी लागलेल्या तुसाने होणाऱ्या या रोगावर खात्रीचा उपाय नाही. कोरडे, स्वच्छ तूस हाच उपाय.

आमचीच एक चूक सांगतो. एका हिवाळ्यात पिल्ले रात्री कोपऱ्यात ढीग करून चेंगरून मरत होती आणि आमचा तापमापक मात्र बरोबर आकडा दाखवीत होता. तो आम्ही आपल्या छातीच्या उंचीवर टांगला होता! ऊब माणसाची मोजली, थंडी पिलांना लागली. पहिल्या दिवसांत पिलाच्या पाठीच्या उंचीवर 32 ते 34 अंश सेल्सिअस हवे, आणि तुसाची गादीही पिल्ले येण्याआधी एक दिवस तापवून ठेवावयास हवी. पिलाचे पाय आपल्या गालाला लावून पाहावेत. गार लागले तर तापमापकावर विश्वास ठेवू नये. थंडीच्या भयाने पडदे घट्ट लावून कोळशाची शेगडी पेटविणे मात्र घातक आहे. तिच्या विषारी वायूला वास नसतो.

उन्हाळ्यात उलट घडते. पत्र्यावरच्या टाकीतील पाणी दुपारी इतके तापते की पिल्ले त्याला तोंड लावीत नाहीत. पिल्ले सोडल्यापासून चोवीस तासांनी शंभरांच्या गळ्याखाली बोट लावून पाहावे. पंचाण्णवांच्या तरी पिशव्या भरलेल्या आणि मऊ लागल्या पाहिजेत.

रोगजंतूंवरची औषधे थंडी भरून काढीत नाहीत, तहान भागवीत नाहीत. अकारण दिली की पुढे ती खऱ्या रोगालाही लागू पडत नाहीत, आणि ही हानी माणसांपर्यंत पोचते. याच भयाने सरकारने 2019 साली खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. ताजी मेलेली पिल्ले बर्फात ठेवून पशुवैद्याला दाखवावीत. तपासणीसाठी पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे.

शेडच्या दाराशी एक वही टांगा. रोजची मरतुक, गादीचे तापमान, पाण्याचा खप एवढेच लिहा. उबवणगृहाशी वाद पडला तर हीच वही तुमची साक्षीदार होईल. दोष आपला असेल तर तोही तीच दाखवील. पाण्याचा हिशेब ज्या गावाने ठेवला, त्याला पिलांचा हिशेब जड जाणार नाही.